पुड्यातले आणि टाकीतले

एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुंबई-बंगळूर महामार्ग, जवळच पशुसंवर्धन खात्याचं वळू माता प्रक्षेत्र आणि या सगळ्यांवर सावली धरणारे टॉवर, असं आजचं ताथवडे आहे. २००९ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि शेतांच्या बांधांवर सोसायट्यांच्या सीमाभिंती उभ्या राहिल्या. मोठ्या सोसायटीला स्वतःचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, म्हणजे एसटीपी, चालवावा लागतो. रहिवाशांना त्याची आठवण होते ती वास आला की.

अशाच एका सोसायटीत वास येऊ लागला आणि कमिटीपुढे एक कोटेशन आलं: दर महिन्याला जीवाणूंच्या भुकटीचे पुडे टाका, वास जाईल. कमिटीतले एक सदस्य नोकरीभर पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये फर्मेंटेशन विभागात होते. त्यांची भाची पर्यावरण अभियंता. याच पट्ट्यातल्या सोसायट्यांचे एसटीपी चालवण्याचं काम करते. पुडे घ्यावेत असं मामांचं मत, घेऊ नयेत असं भाचीचं. दोघं बसले ते कोटेशनवर बोलायला, पण बोलणं माती, नदी आणि औषधांपर्यंत गेलं.

मामा : मला या कागदात एक गोष्ट आवडली. कोणते जीवाणू देणार ते लिहिलंय. बॅसिलसच्या जाती, ग्रॅममागे संख्या, सगळं. तुझ्या टाकीत आत्ता कोण कोण आहे, हे तू मला असं लिहून देशील?

भाची : नावानिशी नाही देता येणार, मामा. पण ते कामावर आहेत की नाहीत, हे रोज सांगता येतं. टाकीतलं लिटरभर पाणी मोजपात्रात घ्यायचं, अर्धा तास ठेवायचं आणि गाळ किती बसला ते बघायचं. ऑपरेटर त्याला ‘एसव्ही थर्टी’ म्हणतात. गाळ चॉकलेटी रंगाचा, साधारण २५० ते ३५० मिलिलिटर, वर नितळ पाणी आणि नाकाला ओल्या मातीचा वास, म्हणजे मंडळी खुशीत आहेत.

मामा : ‘मंडळी खुशीत’ हे मोजमाप नव्हे. आमचं काम सुरू व्हायचं एका परीक्षानळीपासून. तिच्यात एकच बुरशी, पेनिसिलियम. तिथून फ्लास्क, फ्लास्कमधून लहान टाकी, लहान टाकीतून मोठी. प्रत्येक पायरीवर १२१ अंशांची वाफ. आत जाणारी हवासुद्धा गाळून घ्यायची. का? तर एक परका जीवाणू शिरला आणि पेनिसिलिन तोडणारं विकर त्याच्याजवळ असलं, तर अख्खी बॅच हातची जाते. रॉबर्ट कॉखनं घट्ट माध्यमावर एकेक जीवाणू वेगळा वाढवायची शिस्त लावली, म्हणून १८८२ मध्ये क्षयाचा जंतू हाती लागला. त्याआधी लोक दूषित हवेला आणि नशिबाला दोष देत बसले होते.

भाची : त्या शिस्तीबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या परीक्षानळीत जाण्याआधी तुमचे जीव राहायचे कुठे? हॅमायसिन कुठून आलं, सांगा बरं.

मामा : पिंपरीच्या मातीतून! १९५४ मध्ये कंपनी निघाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. १९५५ मध्ये पेनिसिलिन सुरू झालं. आणि मग डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारखे लोक आपल्याच भोवतालची माती तपासायला लागले. तिच्यात एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला, त्याचं नावच ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यानं दिलेलं बुरशीनाशक ते हॅमायसिन. त्यातलं ‘हॅ’ म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. जगाच्या शास्त्रीय यादीत पिंपरीचं नाव एका जीवाणूनं नेलंय, हे इथल्या किती लोकांना माहीत आहे?

भाची : फार थोड्यांना. पण बघा, तो जीव बुरशीनाशक बनवायला तुमच्याकडे नोकरीला लागल्यावर शिकला नाही. मातीत त्याच्या शेजारी बुरशी होती, अन्नावरून झगडा होता, त्यातून ते रसायन आलं. मातीतले शेजारी काढून टाकले, तर तो ते कशासाठी बनवील?

मामा : आमच्या टाकीत शेजारी नव्हते, तरी बनवायचा.

भाची : कारण तुम्ही त्याला कधी उपाशी ठेवायचं, कधी साखर द्यायची, किती हवा द्यायची हे सगळं हिशेबानं करत होता. शेजाऱ्यांची जागा तुम्ही घेतली होती. शुद्ध कल्चर म्हणजे एक जीव आणि त्याच्या दिमतीला शंभर माणसं. पवनेच्या काठच्या मातीत त्याच्या दिमतीला कोणीच नाही. पहिल्या पावसात येणारा वास याच कुळाचा, जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की तो वास मातीतल्या पिटुकल्या स्प्रिंगटेल प्राण्यांना ओढून आणतो. हे प्राणी स्ट्रेप्टोमायसिस खातात आणि त्याचे बीजाणू इकडून तिकडे नेतात. ही सोयरीक परीक्षानळीत दिसली असती का?

मामा : सोयरीक दिसली नसती. पण तो वास कोणाचा, हे कळायला आधी कोणीतरी स्ट्रेप्टोमायसिस वेगळा वाढवलाच असणार ना? तू ज्या फांदीवर बसलीयस ती आम्ही लावलेल्या झाडाची आहे.

भाची : मान्य. पण त्या झाडाला सगळी फळं लागत नाहीत. मातीचा एक ग्रॅम सूक्ष्मदर्शकाखाली मोजला तर शंभर कोटींच्या घरात जीवाणू दिसतात. तीच माती बशीत वाढवली तर बऱ्याचदा त्यातला शंभरातला एकही उगवत नाही. स्टेली आणि कोनोप्का या दोघांनी १९८५ मध्ये या तफावतीकडे बोट दाखवलं. म्हणजे नावाची यादी मागताय, तेव्हा बहुतेकांना नावच नाहीये हे लक्षात घ्या.

मामा : नाव नाही म्हणून ते मोठे होतात असं नाही. पुण्यात त्याच कामाला लोक बसलेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१ पासूनचा. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा संग्रह २००९ पासूनचा, त्यात लाखाहून जास्त जीवाणू जपलेत. एकेक वेगळा करून, नाव देऊन, गोठवून. उद्या कोणाला औषध शोधायचं झालं तर तिथे जाईल. तुझ्या गाळाची बादली घेऊन काय करील?

भाची : गाळाच्या बादलीसारख्या मिश्र समूहातूनच एक मोठी गोष्ट निघाली, तीच सांगते. सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होतं ते दोन टप्प्यांत आणि दोन वेगवेगळ्या जीवाणूंकडून, हे विनोग्राड्स्कीनं १८९० च्या सुमाराला दाखवलं. सव्वाशे वर्षं पुस्तकांत तेच. मग २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, की नायट्रोस्पायरा कुळातले काही जीवाणू दोन्ही टप्पे एकट्यानं करतात. ते सापडले मिश्र समूह महिनोन्‌महिने तसाच वाढवत ठेवून आणि त्याची जनुकं वाचून.

मामा : विनोग्राड्स्की चुकला असं म्हणतेस?

भाची : अजिबात नाही. त्याला दिसले ते जीव खरेच होते आणि तेही ते काम करतात. शिवाय मातीचा, चिखलाचा भरलेला उभा काचनळा महिनोन्‌महिने खिडकीत ठेवून त्यात थर कसे पडतात ते बघायची पद्धत त्याचीच. तो दोन्ही बाजूंचा माणूस होता.

मामा : बरं. आता पुड्याकडे ये. टाकीत चांगले जीवाणू कमी पडले असतील, म्हणून बाहेरून आणायचे. यात चूक काय?

भाची : हिशेब करू. आपली ५०० घरं, घरात ४ माणसं धरू, माणशी १३५ लिटर पाणी. दिवसाला २ लाख ७० हजार लिटर. त्यातलं सव्वादोन लाख लिटर तरी सांडपाणी म्हणून टाकीत येतं. एअरेशनची टाकी साधारण लाख लिटरची. तिच्यात लिटरमागे साडेतीन ग्रॅम कोरडा गाळ धरला, तर साडेतीनशे किलो होतो. सगळाच जिवंत नसला तरी बराचसा सूक्ष्मजीवच. त्यात तुम्ही महिन्याला किलो-दोन किलोची पुडी टाकणार, तीही बहुतेक कोंडा आणि त्यात झोपलेले बीजाणू.

मामा : दही विरजायला चमचाभरच लागतं.

भाची : तिथे दूध तापवून रिकामं केलेलं असतं, म्हणून चमचा पुरतो. इथे टाकी आधीच भरलेली आहे. नवा आलेला जीवाणू खायला मिळवणार कोणाकडून? आणि तो स्वतः खाद्य होतो ते वेगळंच. गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा, देठावर डोलणारी व्हॉर्टिसेला दिसेल. तिचं पोट मोकळे फिरणारे जीवाणू गाळून खाण्यावरच चालतं. पुड्यातले सुटे जीवाणू म्हणजे तिला मेजवानी. वरचं पाणी नितळ दिसतं ते तिच्यासारख्यांमुळेच.

मामा : मग वास का येतो? साडेतीनशे किलो गुणी मंडळी आत बसलीत ना?

भाची : आता दुसरा हिशेब. लिटरमागे २५० मिलिग्रॅम बीओडी, म्हणजे जीवाणूंना खाता येणारी घाण प्राणवायूच्या हिशेबात, धरली तर दिवसाला ५५-६० किलो. ते खाऊन संपवायला जवळजवळ तितकाच प्राणवायू लागतो. अमोनियाचं नायट्रेट करायला आणखी ४० किलोच्या आसपास. म्हणजे या टाकीला रोज १०० किलो प्राणवायू पोचला पाहिजे. आणि कमिटीच्या ठरावानं टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री ११ ते ५ बंद असतो.

मामा : साडेसात किलोवॉटचा ब्लोअर आहे. सहा तासांचे ४५ युनिट, महिन्याचे १३५०. मेंटेनन्स वाढला की सभेत कोण ओरडतं ते तुला माहीत नाही. आणि मी वाचलंय, नत्र काढायला काही प्रकल्पांत हवा मुद्दाम बंद ठेवतात.

भाची : ठेवतात, पण थोडा वेळ, पाणी ढवळत ठेवून आणि नायट्रेट शिल्लक आहे तोवरच. श्वासाची एक उतरंड आहे, मामा. प्राणवायू असेल तर जीवाणू तो वापरतात, कारण त्यात सगळ्यात जास्त ऊर्जा मिळते. तो संपला की नायट्रेट. तेव्हा नत्राचा वायू होऊन हवेत जातो, वास नसतो. नायट्रेट संपलं की लोहासारख्या धातूंची पाळी, मग सल्फेट. सल्फेटवर आले की हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांचा वास आणि काळा गाळ. त्याच्याही खाली कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन. आपली टाकी पहाटेपर्यंत सल्फेटच्या पायरीवर उतरलेली असते आणि नेमकं सकाळी सहापासून ५०० घरांचं पाणी तिच्यावर आदळतं.

मामा : म्हणजे वास मारणारे जीवाणू बाहेरून आलेले नाहीत?

भाची : आधीपासून तिथेच आहेत. लोणारला काय झालं आठवतंय? जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. लोक म्हणाले काहीतरी अघटित घडलं. आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा खारट पाण्यात राहणारे हॅलोआर्किया निघाले, गुलाबी रंगद्रव्याचे. पाणी आटलं, क्षार वाढले, आणि एरवी मागे असलेले पुढे आले. पाणी स्थिर ठेवल्यावर ते जीव खाली बसले आणि पाणी पुन्हा नितळ दिसलं. आपल्या टाकीत परिस्थिती बदलतोय आपण, आणि पुडा मागवतोय रहिवासी बदलायला.

मामा : हे तुझं बोलणं पटतं तिथवर पटतं. मला भीती पुढच्या वाक्याची आहे. सगळं ‘समूह’ करतो, निसर्ग आपोआप सांभाळतो, आपण फक्त हवा द्यायची. कॉलराचा जंतूसुद्धा खाडीच्या पाण्यात मजेत राहतो, तोही निसर्गच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोमची, साथ आली. सिंहगड रस्त्याच्या बाजूला माणसं लुळी पडली, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी मिळाला. तो हुडकला कसा? त्याला नाव होतं म्हणून. समूह खुशीत आहे एवढं सांगून डॉक्टरचं काम भागलं असतं का?

भाची : नसतं.

मामा : आणखी ऐक. मुठेच्या गाळावरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, पुण्याच्या आणि स्वीडनच्या संशोधकांचा. शहराच्या वरच्या अंगाला जेवढी औषधांना दाद न देणारी जनुकं होती, त्याच्या सुमारे ३० पट शहरातल्या गाळात. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या प्रतिजैविकांना तोंड देणारीसुद्धा. आम्ही जे औषध जपून, वाफेखाली, एकेक टाकी सांभाळून बनवलं, ते लोकांनी सर्दीला खाल्लं आणि मोरीतून नदीत पोचवलं. तिथे तुझा समूह ती जनुकं एकमेकांना देत बसलाय. याला मी खुशाली म्हणू?

भाची : नाही. याला माझ्याकडे ‘हवा द्या’ एवढं उत्तर नाही. जीवाणू जनुकं शेजाऱ्याला देतात, दुसऱ्या जातीच्या शेजाऱ्यालाही. एसटीपीच्या टाकीत माणसांच्या पोटातले, मातीतले आणि पाण्यातले जीव एकत्र येतात, म्हणून तिथे हे जास्त घडू शकतं. गाळ नीट बसवणं, पाणी गाळणं, शेवटी क्लोरिनची मात्रा बरोबर ठेवणं, हे सगळं लागतं. पण एक सांगते, ही जनुकं तुमच्या कारखान्याआधीची आहेत. पेनिसिलिन तोडणारं विकर अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं, औषध बाजारात येण्याआधी. कॅनडातल्या युकॉनमधल्या ३० हजार वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही औषधांना दाद न देणारी जनुकं सापडलीत. जिथे शस्त्र बनतं तिथेच ढालही बनते. आपण फक्त ढाल असलेल्यांना भराभर वाढायला जागा करून दिली.

मामा : म्हणजे माती आपली आई नाही.

भाची : कोणाचीच नाही. सूक्ष्मजीव नदी साफ करायला बसलेले नाहीत. त्यांना खायचं असतं. आपण ज्याला घाण म्हणतो ते त्यांचं जेवण. जेवण बेताचं आणि हवा भरपूर असेल तर पाणी नितळ होतं. जेवण फार झालं तर तेच जीव सगळा प्राणवायू पिऊन टाकतात आणि मासे मरतात. पवनेच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे फार तर ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. लिटरभर कच्च्या सांडपाण्याची भूक २५० मिलिग्रॅम. एक लिटर भागवायला ३० लिटर नदीतला सगळा प्राणवायू खर्च करायचा. माशांसाठी निम्मा ठेवायचा म्हटलं तर ६० लिटर. उन्हाळ्यात पवनेत एवढं पाणी कुठून आणणार?

मामा : आणि थेरगावला केजुदेवी बंधाऱ्यावर फेस येतो तो?

भाची : तो बराचसा साबणाचा आणि कच्च्या सांडपाण्याचा. वरून पाणी कोसळलं की फेसाळतं. तिथेही कोणी भुकटी शिंपडून फरक पडणार नाही.

मामा : मग तुमच्या त्या जीवामृताचं काय? पुनावळ्याकडे माझा एक मित्र उरलेल्या वीस गुंठ्यांत टाकतो. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. जीवामृताच्या शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ते सांगतात देशी गाईच्या ग्रॅमभर शेणात ३०० ते ५०० कोटी जीवाणू. तीन वर्षांनी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं म्हटलं, या शेतीला शास्त्रीय पुरावा नाही. तू पुड्याला नाही म्हणतेस आणि शेणाला हो?

भाची : शेणालाही तोच प्रश्न विचारते. गाईच्या पोटातले बहुतेक जीव प्राणवायूशिवाय जगणारे. गवताचं सेल्युलोज तेच फोडतात, गाईला स्वतःला ते जमत नाही. बाहेर हवेत आले की त्यातले पुष्कळ मरतात. म्हणजे ‘शेणात इतके कोटी’ या आकड्यावरून मातीत किती टिकले ते कळत नाही. पण गूळ आणि बेसन हे मातीत आधीपासून असलेल्यांना जेवण आहे, एवढं खरं. त्यानं पीक किती वाढतं, हे शेतात शेजारीशेजारी वाफे करून मोजायला हवं. मोजलं नाही तर भक्ती आणि विज्ञान दोन्हींचं नुकसान.

मामा : तुमच्या धंद्यातही नवीन एसटीपी सुरू करताना शेण आणि गूळच टाकतात ना?

भाची : टाकतात. काम उशिरा सुरू होतं, पण होतं. मी मात्र चालू एसटीपीतला एक टँकर गाळ आणते. एकत्र राहून खायची सवय असलेली वस्ती, तीही याच शहराच्या सांडपाण्यावर वाढलेली. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी हीच पद्धत काढली: हवा दिलेलं सांडपाणी बसू द्यायचं, वरचं पाणी काढायचं, खालचा गाळ फेकायचा नाही, पुन्हा वापरायचा. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि त्या गाळात त्यांनीही कोणाला नाव घालून निवडलं नव्हतं.

मामा : पण कुठेच निवड चालत नाही असंही नाही. डाळीच्या बियाण्याला रायझोबियम चोळतात, ते काय?

भाची : ते चालतं, आणि का चालतं ते तुमच्या बाजूचं आहे. तिथे एक ठरावीक वनस्पती, तिच्या मुळावर एक ठरावीक जागा, आणि आत गेल्यावर झाड त्या जीवाणूला पोसतं. भुईमुगाचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. सोयाबीन नव्या जमिनीत आलं तेव्हा तिथे त्याचा जोडीदार नव्हता, म्हणून पाकीट कामाला आलं. जिथे खरोखर कोणी गैरहजर आहे आणि त्याला राहायला घर आहे, तिथे बाहेरून आणलेला टिकतो.

मामा : हे मला आवडलं. म्हणजे प्रश्न असा आहे की, आपल्या टाकीत कोणी गैरहजर आहे का.

भाची : आणि असेल तर का. नायट्रेट करणारे हळू वाढतात, त्यांना आठ-दहा दिवस तरी टाकीत मुक्काम हवा. गाळ भराभर काढून टाकला तर ते वाहून जातात. रात्री हवा गेली, कुणी एकदम बाटलीभर फिनाइल किंवा ॲसिड ओतलं, तरी पहिला फटका त्यांनाच. पुडे टाकून ते उभे राहणार नाहीत. पुड्यात बॅसिलस आहेत आणि हे काम त्यांचं नाही.

मामा : हे सगळं खरं असेल, तरी कमिटीपुढे मी ‘भाची म्हणते’ असं सांगू शकत नाही. मला करून दाखव. २०० लिटरचे दोन ड्रम घे. दोन्हींत आपल्याच टाकीतला सारखा गाळ, रोज सारखं सांडपाणी, दिवसरात्र सारखी हवा. एकात पुडा, एकात नाही.

भाची : तिसराही घ्या. त्यात पुडा, पण हवा रात्री बंद. आपली सोसायटी पुडे घेऊन जे करणार आहे, तेच.

मामा : मग चौथा लागेल. रात्री हवा बंद आणि पुडाही नाही. नाहीतर तिसऱ्याची तुलना कोणाशी करणार? आणि ड्रमवर फक्त अंक लिहायचे. नमुने तपासणाऱ्याला कोणता कशाचा ते कळता कामा नये. अमोनिया, सीओडी म्हणजे रसायनानं मोजलेली एकूण घाण, तुझं ते एसव्ही थर्टी, सगळं रोज वहीत. तीन आठवडे, कारण तूच म्हणतेस नायट्रेटवाल्यांना दहा दिवस लागतात.

भाची : चालेल. आणि वास कोणी मोजायचा?

मामा : तळमजल्यावरच्या लोकांनी. त्यांच्याइतकं प्रशिक्षित नाक सोसायटीत कोणाकडे नाही.

भाची : पुडा जिंकला तर मी स्वतः सांगेन, कोटेशनवर सही करा.

मामा : आणि हवा जिंकली तर रात्रीचा ब्लोअर सुरू करायचा ठराव मी मांडीन. १३५० युनिटांवर कोणी ओरडलं तर पुड्यांचं कोटेशन शेजारी ठेवीन. पण चारही ड्रम सारखेच निघाले तर?

भाची : तर दोष टाकीत नाही, टाकीत येणाऱ्या पाण्यात आहे. मग घरोघर जाऊन विचारायचं, मोरीत आणि संडासात रोज काय ओतता. ते काम मात्र माझ्या कंत्राटात नाही, कमिटीचं आहे.